नकाशातून सुटलेला कोपरा

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण जंगूबाई कोडापे यांचं आहे. त्यांनी मला शाळेत शिकवलं नाही, कुठे नोकरीला लावलं नाही, की डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला नाही. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं, त्यावरचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे.

"याचा भांग डावीकडं हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा उजवीकडं. हे तुमीच कशावरून?"

फोटो आरशासारखा उलटा छापला गेला होता. दोन वर्षं ते कार्ड मी गळ्यात घालून फिरत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

या दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी जंगूबाईंना विचारायला गेलो. "नाव माझं लिव्ह," त्या म्हणाल्या, "गावाचं लिवू नोको." म्हणून इतकंच लिहितो की ते गाव जिवतीच्या पहाडावरचा एक गुडा आहे, म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. चंद्रपूरहून तिथे जाताना शेवटचा चढ लागला की मोबाईलचं नेटवर्क जातं, आणि परत उतरेपर्यंत येत नाही.

माझं शिक्षण चामोर्शीला झालं. वडील धानाच्या गिरणीत हमाल. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं. पदवीच्या निकालाच्या दिवशी आईने गिरणीच्या मालकापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना पेढा दिला आणि मला सगळ्यांच्या पाया पडायला लावलं. ती सवय मला राहिली. कुणी खुर्ची दिली, सही दिली, टॅब दिला की मी आधी आभार मानतो आणि नंतर वाचतो. या नोकरीत ही सवय किती अडचणीची आहे हे मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि ते जंगूबाईंमुळे कळलं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. विद्यापीठाच्या कॉलेजांमधली मुलंमुली शनिवारी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत जातात. बरोबर टॅब असतात आणि एक पांढरा डबा असतो, पुस्तकाएवढा. त्या डब्यात गोष्टी, गणिताचे खेळ, चित्रं, आवाज भरलेले असतात. इंटरनेट नसलं तरी डबा चालू केला की टॅब त्याला जोडले जातात. एक कॉलेजचा विद्यार्थी, चार-पाच लहान मुलं आणि एक टॅब, अशी एक टोळी. लहान मुलं कॉलेजच्या मुलांना दादा-ताई म्हणतात. मी या दादा-तायांचा समन्वयक. आधी मी स्वतः असाच दादा होतो, म्हणून मला हे काम मिळालं.

या कामातली सर्वांत अवघड गोष्ट तंत्रज्ञान नाही. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कॉलेजच्या मुलाचा हात. समोरचं तिसरीतलं पोर गणिताच्या खेळातल्या बेडकाला चुकीच्या दगडावर उडी मारायला लावतंय, हे दिसत असतं आणि बोट आपोआप पुढे जातं. एकदा दादाने बोट लावलं की पोर मागे सरकून बसतं आणि पुढचा अर्धा तास दादाच खेळत राहतो. म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा की बसल्यावर दादा-तायांनी हात पाठीमागे बांधायचे. मी वर्गाच्या दारातून पाहतो तेव्हा मुलांची तोंडं पाहत नाही. पाठीमागचे हात पाहतो. कुणाची बोटं वळवळत असतील तर त्या टोळीत काहीतरी चांगलं चाललेलं असतं.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे संशय. तो सगळीकडून येतो. एका शाळेत मुख्याध्यापकांनी टॅब आल्याबरोबर कपाटात ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. "फुटला तर चौकशी माझी," ते म्हणाले. मी वर्षभर विनवण्या केल्या. दसऱ्याला त्यांनी कपाट उघडलं, टॅबची पूजा केली, आणि मग प्रसन्न होऊन वापरायला दिले. पुढे त्या शाळेचे सगळे फोटो लालसर यायला लागले. मी टॅब दुरुस्तीला पाठवायच्या बेतात होतो, तेवढ्यात दिसलं की कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू आहे.

मीही कमी संशयी नाही, नोकरीच तशी आहे. एक विद्यार्थी दर शनिवारी शाळेतला फोटो पाठवायचा. हसणारी मुलं, मध्ये टॅब, सगळं नीट. एकदा पाहता पाहता मला वाटलं, या कोपऱ्यातल्या पोराच्या गुडघ्यावरची जखम काही भरत नाही. मागचे फोटो काढून पाहिले. सगळ्यांत तीच पट्टी, तितकीच मळलेली. मी त्याला फोन केला.

"त्या पोराच्या गुडघ्याला काय झालंय रे?"

आधी तो 'पडला' म्हणाला. मग म्हणाला, "सर, खरं सांगू का? तिकडची बसच लागत नाई हो मले."

तो पुढे सुधारला आणि फार चांगला शिक्षक झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो काम सोडून गेला. आता कुठे आहे माहीत नाही.

जंगूबाईंच्या गुड्यात मात्र आमची टोळी चांगली होती. अंकिता नावाची बी.एस्सी.ची मुलगी तिथे जायची. बल्लारपूरची, वडील कोळसा खाणीत. गाडीवर मागे डबा आणि त्या शाळेचे सगळे टॅब बांधून पहाड चढायची आणि कधी शनिवार चुकवायची नाही. तिच्या टोळीत जंगूबाईंची नात मैना होती. मैना तेव्हा चौथीत. ती शाळेत बोलत नसे. घरी गोंडी, शाळेत मराठी, यामध्ये ती कुठेतरी अडकली होती. गुरुजींनी काही विचारलं की मान खाली. पण टॅबमध्ये आवाज भरायची सोय होती. अंकिताने एकदा टॅब तिच्या हातात दिला, स्वतःचे हात पाठीमागे बांधले आणि तोंड भिंतीकडे केलं. मैना भिंतीआड गेली आणि परत आली तेव्हा टॅबमध्ये पाखरांची नावं होती, सगळी गोंडीत. त्यानंतर ती दर शनिवारी काही ना काही भरायची.

जंगूबाई शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष होत्या. नावापुरत्या अध्यक्ष अनेक पाहिले, या तशा नव्हत्या. शनिवारी शाळेच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि काही न बोलता पाहायच्या. टॅब पाठीमागून कसा दिसतो, बाजूला भोक कशाचं, मुलं घरी गेल्यावर डोळे चोळतात का, असलं सगळं त्यांना हवं असायचं. अंकिता मला म्हणायची, "सर, त्या आजी बसल्या की मले परीक्षेत बसल्यासारखं वाटते."

मग नवीन उपक्रम आला. त्याचं नाव 'माझं गाव'. मुलांनी टॅब घेऊन गावात फिरायचं. जिकडे चालतील तिकडे पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची रेघ उमटते, कारण टॅबला आकाशातल्या उपग्रहांकडून जागा कळते, त्याला नेटवर्क लागत नाही. विहीर आली, बटण दाबा, फोटो काढा, आवाज भरा. शेवटी गावाचा नकाशा तयार. मला तो उपक्रम फार आवडला होता. माझ्या लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात नाईल नदी होती, चामोर्शी नव्हतं. इथे पोरं स्वतःच्या गावाचा नकाशा काढणार होती.

कापूस वेचणीचे दिवस होते. मोठी माणसं वावरात. अंकिताची टोळी गावभर फिरली आणि मैना सगळ्यांना तिच्या आजीच्या वावराकडे घेऊन गेली. पोरांनी त्या वावराला पूर्ण वळसा घातला. मैनाने आवाज भरला. संध्याकाळी अंकिताने मला फोनवर आनंदाने सांगितलं की आजचा नकाशा फारच छान झाला.

पुढच्या शनिवारी तिच्याबरोबर मीही गेलो, तो नकाशा पाहायला. शाळेत एकही पोर नव्हतं. गुरुजी पायरीवर एकटे बसले होते.

"आज पोरं येत नाई," ते म्हणाले. "तुमालेच बलावलं, तिकडं. टॅब घेऊन या म्हणते."

समाजमंदिरापुढे गाव बसलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं मागे. जंगूबाई मधोमध. त्यांनी टॅब खाली ठेवायला लावले, एकाशेजारी एक.

"हे बंद हाय का चालू?"

"बंद आहे, बाई."

"मग हा लाल दिवा कायचा जळून राह्यला?"

"बॅटरी कमी झाली की तो लुकलुकतो."

"बंद हाय म्हणते आन् दिवा जळते." त्या मागे वळून बायकांना म्हणाल्या, "पाहा वो. झोपला म्हणते आन् एक डोया उघडा." बायका हसल्या. जंगूबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक टोपली मागवली आणि बाकीच्या टॅबवर पालथी घातली. एकच बाहेर ठेवला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, ती मला त्या दिवशी तिथे बसून कळली. पहाडावरची बरीच वावरं जंगलाच्या जमिनीत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसतात, पण नावावर नाहीत. नावावर व्हावीत म्हणून वनहक्काचे दावे करावे लागतात, आणि दाव्यासाठी माणूस हातात यंत्र घेऊन वावराभोवती चालतो. जिथून चालला ती हद्द. जंगूबाईंचा दावा केलेला होता, निकाल लागायचा होता. त्यानंतर एकदा अनोळखी माणसं तसंच यंत्र घेऊन वावराभोवती फिरून गेली होती. कोण होती, कोणी पाठवली, हे गावाला कधीच कळलं नाही. आणि आता आम्ही पोरांच्या हातात यंत्र देऊन त्यांना त्याच वावराभोवती चालवलं होतं. या गावात वावराभोवती यंत्र घेऊन चालणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आमच्या उपक्रम लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"दाखवा, त्याच्यात काय हाय ते," जंगूबाई म्हणाल्या.

अंकिताने टॅब उघडला. नकाशा आला. विहीर, शाळा, हातपंप, आणि वर कडेला ठिपक्यांनी बंद केलेली एक आकृती. मैनाचा आवाज आला: "हे आमचं वावर होय."

जंगूबाईंनी पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी बोटाने हवेत वावराची आकृती काढली आणि परत पडद्याकडे पाहिलं.

"माझं वावर इतकंच? वरचा कोपरा कुठी गेला? मोहाच्या झाडापाशचा?"

कोपरा खरोखरच नव्हता. रेघ तिथे आतून तिरपी कापून गेली होती. जंगूबाई सावकाश वळल्या आणि पुरुषांमध्ये बसलेल्या आपल्या दिराकडे पाहू लागल्या. भीमराव त्यांचं नाव. त्यांचं वावर त्या कोपऱ्याला लागून.

"भीमराव, पोरायले काय चारलं तू?"

"म्या? वहिनी, म्या त्या दिवशी बाजारात होतो!"

"म्हणूनच इचारून राह्यली. बाजारातून काय आणलं पोरायसाठी?"

"अवो, काई नाई! तमाखू आणला, इचारा कोणालेई!"

"तमाखू कोणाले देल्ला?"

सगळं गाव हसायला लागलं. भीमराव उठून उभे राहिले, शपथा घ्यायला लागले. त्या गोंधळात मैना मागून पुढे आली आणि आजीच्या लुगड्याला धरून काहीतरी बोलली. आजीने विचारलं, कोपऱ्यात गेले होते का. "हिल्ले," मैना म्हणाली, म्हणजे नाही. मग सगळ्यांना ऐकू येईल असं, मराठीत म्हणाली, "तिथी देवाचं ठाणं हाय ना. पूजा नाई झाली. आमी तिथी जात नाई."

मोहाच्या झाडांखाली त्यांच्या देवाचे दगड होते. पूजा झाल्याशिवाय पोरं त्या बाजूला पाऊल टाकत नाहीत. त्यांनी रीत पाळली होती, बाजूने वळून गेली होती. आणि टॅबने, जिथून पाय गेले तीच हद्द, असं लिहून घेतलं होतं.

भीमराव खाली बसले. जंगूबाईंनी त्यांची माफी वगैरे मागितली नाही. त्या आमच्याकडे वळल्या.

"म्हंजे पोरं चुकले नाई. पण याच्यात माझं वावर लहान झालं. आता हे कुठी जाते?"

"कुठंच नाही, आजी," अंकिता म्हणाली. "इथं नेटवर्कच नाही ना."

"इथी नाई. चंद्रपुरात हाय का?"

अंकिताने माझ्याकडे पाहिलं. दर शनिवारी संध्याकाळी चंद्रपूरच्या ऑफिसात आम्ही टॅब फळीवर ओळीने लावतो, चार्जिंगला जोडतो, आणि ते आपोआप वायफाय धरतात. एकेका टॅबवर हिरवी खूण येते. सगळ्या हिरव्या झाल्या की आम्ही दिवे बंद करून घरी जातो. ती हिरवी खूण म्हणजे आतलं सगळं कुठेतरी गेलं. कुठे, कोणाकडे, हे विचारावं असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"मले मालूम नाई, बाई," मी म्हणालो. इतकी वर्षं प्रयत्नाने कमावलेली शुद्ध भाषा त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

"मालूम करून या. तवरक हे इथीच राहीन."

टॅब त्यांच्या घरी गेले. ज्वारीच्या कणगीत, ज्वारीच्या खाली पुरून. तिथून ते काही ऐकणार नाहीत, पाहणार नाहीत, असा त्यांचा हिशोब होता.

ऑफिसात आमचे साहेब भला माणूस. मला नोकरी दिली ती त्यांनीच. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते तोवर ठीक होतं.

"नकाशे कुठे जातात, सर?"

"सर्व्हरवर."

"ते कोण पाहतं?"

"ज्यांनी कार्यक्रम दिलाय ते. अभ्यासासाठी."

"म्हणजे कोण कोण?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "उमेश, तुला हे कोणी विचारायला सांगितलं?"

"गावातल्या एक बाई आहेत."

"बाई. आणि मागे कोण आहे? तिथे कुठल्या संघटनेचे लोक बसले होते का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण मला दिसलं की त्यांना पटलं नाही. त्यानंतर काही दिवस मी आत गेलो की टेबलाभोवतीचं बोलणं थांबायचं. माझा एक जुना सहकारी, जो माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायचा, तो मला विचारू लागला, "पहाडावर आता किती वेळा जातोस रे?" मी कोणाचा माणूस आहे, हे लोक तपासत होते. आणि खरं सांगायचं तर मीही तपासत होतो. ज्यांनी मला उभं केलं त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे बापाच्या ताटात केस शोधणं वाटायचं. एकदा वाटायचं बाई उगीच घाबरतात, पोरांच्या रेघेला कोण विचारतो? मग वाटायचं, तसं असेल तर कोण पाहतं हे सांगायला साहेब का अडखळले?

शेवटी साहेबांनी बोलावलं. "पुसलंय. बघ." माझ्या लॉगिनवर त्या गावाचं पान उघडलं. रिकामं होतं. "सांग त्यांना आणि टॅब घेऊन ये."

मी पहाड चढताना वाक्य घोकत गेलो. गाव बसलं. मी म्हणालो, "पुसलं, असं सर म्हणाले. माझ्या लॉगिनवर आता दिसत नाही. दुसऱ्या कोणाच्या लॉगिनवर दिसतं का, ते मी पाहिलेलं नाही."

जंगूबाईंनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता टॅब गेले.

"पुसलं, इतकंच म्हणाला असता," त्या म्हणाल्या, "तर ज्वारीतून काढत नव्हती म्या." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला एकेरी हाक मारली.

टॅब बाहेर आले. कव्हरमधून पुढे कितीतरी दिवस ज्वारीचे दाणे निघत होते. पण अट लागली. कोणताही नवीन उपक्रम आधी गावातल्या आया करतील, मग पोरं. पहिल्या शनिवारी जंगूबाई स्वतः बसल्या. त्यांनी बेडकावर अंगठा दाबला. बेडूक हलला नाही. परत दाबला. कापूस वेचून बोटं इतकी राठ झालेली की पडद्याला त्यांचा स्पर्शच कळेना.

"हे मले ओळखत नाई," त्या संशयाने म्हणाल्या. "पोरायले कसं ओळखते?"

"बोट जरा ओलं करा, बाई."

"म्हंजे माझं थुकाई घेते काय आता?"

अंकिता हसून लोळायची बाकी राहिली, पण हात पाठीमागेच होते. 'माझं गाव' आम्ही तिथे जमिनीवर केलं, दगडांनी आणि रांगोळीने, टॅब कपाटात ठेवून. जंगूबाई वरच्या कोपऱ्यासाठी स्वतः मोहाची एक डहाळी घेऊन आल्या आणि जिथे रोवायची तिथे रोवली. भीमरावांनी ती दोन बोटं इकडे सरकवून पाहिली. लगेच भांडण झालं. मैना त्या भांडणात मोठ्याने बोलली, आजीच्या बाजूने, चांगल्या खणखणीत मराठीत. ही अट पुढे आम्ही जिवतीकडच्या सगळ्या शाळांत लावली. आमच्या वार्षिक अहवालात ती 'पालक सहभाग' या नावाने छापली आहे, फार चांगला फोटो आहे. ती कुठून आली ते अहवालात नाही.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. यंदा कार्यक्रमाची जुनी यंत्रणा बंद करून नवी आणायचं ठरलं. जुनी माहिती नीट हलली का, हे तपासायला मला मोठं लॉगिन दिलं. सगळ्या गावांची यादी त्यात दिसते. मी कामाला बसलो आणि आधी त्या गावाचं नाव शोधलं.

पान रिकामं नव्हतं. विहीर होती, हातपंप होता, ती आकृती होती, वरचा कोपरा तिरपा कापलेला. मी बटण दाबलं. ऑफिसात सगळे होते. मैनाचा चौथीतला आवाज आला: "हे आमचं वावर होय." शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "किती गोड! कोणत्या शाळेची?" मी आवाज बंद केला.

खाली लिहिलेलं होतं की हे पान यावर्षी उघडलं गेलं आहे. कोणी उघडलं, ते दिसत नव्हतं. जुने साहेब निवृत्त झालेत. नव्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, यंत्रणा बदलताना मशिनच उघडतं सगळं. आणि पुसलं तरी एक प्रत राहतेच. एवढं काय त्यात?" असेलही. मला त्यातलं फार कळत नाही. मशिनने उघडलं की माणसाने, हे मी सांगू शकत नाही. जंगूबाईंच्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही, हे मात्र मी सांगू शकतो.

पोरांच्या रेघेला सरकारदरबारी किंमत नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं. साहेबांनी, ओळखीच्या वकिलाने, अंकितानेही, ती आता बल्लारपूरला शिक्षिका आहे. किंमत नसेल तर ठेवली कशाला, हे मी प्रत्येकाला विचारलं. ही नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, याचा काही दिवस विचार केला. आईला अजूनही वाटतं की माझं ऑफिस म्हणजे विद्यापीठच. मग एका दुपारी बसून पत्र लिहिलं आणि जिवतीला जाणाऱ्या मुलाच्या हाती दिलं. फोनवर बोललेलं गाव धरत नाही, कागद लागतो. ते पत्र इथे देतो, जंगूबाईंच्या परवानगीने. गावाचं नाव तेवढं काढलं आहे.

आदरणीय जंगूबाई यांना,

जय सेवा.

हे पत्र मैनाकडून वाचून घ्या. ती मधलं काही गाळणार नाही.

मागे मी तुम्हाला सांगितलं होतं की पोरांनी काढलेली तुमच्या वावराची रेघ माझ्या लॉगिनवर दिसत नाही. आता मला मोठं लॉगिन दिलं आहे. त्यावर ती दिसते. कोपरा सुटलेला आहे तसाच आहे. मैनाचा आवाजही आहे. यावर्षी ते पान उघडलेलं आहे. कोणी, ते मला दिसत नाही. मशिनने उघडलं असेल असं साहेब म्हणतात. मला माहीत नाही.

या रेघेला कायद्यात किंमत नाही असं इथले लोक म्हणतात. मी ते तुम्हाला सांगतो, पण खात्री देत नाही.

तुम्ही असं करा. ग्रामसभा बोलवा. ही रेघ पोरांनी शाळेच्या खेळात काढली, ठाण्याची पूजा न झाल्यामुळे पोरं कोपऱ्यात गेली नाहीत, आणि कोपरा वावरातच आहे, असा ठराव लिहून घ्या. भीमरावभाऊंची सही आधी घ्या. एक प्रत दाव्याच्या कागदांना तालुक्याला जोडा, एक आमच्या ऑफिसला द्या आणि पोच घ्या. ऑफिसला लिहा की आमच्या गावाचं जे जे तुमच्याकडे आहे ते आमच्या माणसांना समोर बसवून दाखवा आणि समोर पुसा. कोणी विचारलं की हे तुम्हाला कोणी सांगितलं, तर माझं नाव सांगा. मी नाही म्हणणार नाही.

काही दिवसांनी ऑफिसकडून माणूस येईल. चांगला बोलेल. सगळं पुसलं असा शिक्क्याचा कागद देईल. तो कागद लगेच घेऊ नका. तुम्ही स्वतः पाहिलं का, हे त्याला आधी विचारा. तो माणूस मीच असलो, तरी विचारा.

आपला,
उमेश बारसागडे